जुना ट्रॅक्टर घ्यायला निघालात?

ट्रॅक्टर बघायला येतोय एवढंच मालकाला फोनवर सांगा, किती वाजता ते सांगू नका. सकाळी सातच्या आत त्याच्या दारात पोचा. रामराम झाला, चहाला हो म्हणून झालं, की आधी इंजिनाच्या ब्लॉकवर तळहात ठेवा. ब्लॉक कोमट लागला तर समजा, पहाटे उठून कोणीतरी ट्रॅक्टर चालू करून ठेवलाय. जुन्या इंजिनाचे निम्मे आजार ते गार असताना दिसतात आणि उरलेले निम्मे तासभर नांगर ओढून तापल्यावर. विकणाऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. म्हणून तो कोमट इंजिन दाखवतो आणि रिकामा ट्रॅक्टर गल्लीतून दोनदा फिरवून आणतो.

हे शहाणपण मी विकत घेतलंय. पहिला जुना ट्रॅक्टर घेतला तेव्हा मी काय पाहिलं, तर टायर. मागच्या दोन्ही टायरांची नक्षी नव्यासारखी, रंग चकचकीत, तासांचा मीटर मात्र बंद. मालक म्हणाला, "घरचाच ट्रॅक्टर आहे दादा, फार चाललाच नाही." चाकांवर तो खरंच फार चालला नव्हता. तो चालला होता एका जागी उभा राहून, विहिरींच्या कामावर, मागं कॉम्प्रेसर लावून. दिवसाला दहा-दहा तास, ॲक्सिलेटर ओढलेला, आणि श्वास घ्यायला दगडाची पूड. आठव्या महिन्यात लायनर-पिस्टन, क्रँकला घासकाम आणि पंपाचं काम एकदम निघालं. तेव्हापासून टायर मी सगळ्यात शेवटी बघतो.

तेव्हा पहिला प्रश्न 'किती साल' हा नाही. 'आजवर कोणत्या कामावर होता' हा आहे, आणि त्याचं उत्तर मालकाच्या तोंडून नाही, ट्रॅक्टरच्या अंगावरून घ्यायचं. पीटीओच्या दांड्याचे दाते बोटानं चाचपा. दाते धार लागल्यासारखे झिजलेत आणि टायर मात्र नवे, तर तो कॉम्प्रेसरवर किंवा मळणीवर उभा राहून चाललेला असण्याचीच शक्यता जास्त. ट्रॉली जोडायचा हुक आणि त्याची पिन लांबट घासलीय, क्लचचं पेडल गुळगुळीत झालंय, तर ऊस वाहतुकीत दोन-दोन ट्रॉल्या ओढलेल्या. अशा ट्रॅक्टरचं इंजिन एकवेळ बरं असतं, पण क्लच, ब्रेक आणि गिअर यांनी मार खाल्लेला असतो. पुढच्या बाजूला चेसिसला वेल्डिंग किंवा जादा भोकं दिसली तर डोझर किंवा लोडर बसवलेला होता, म्हणजे पुढचा ॲक्सल आणि क्लच हाउसिंग नीट बघा, बारीक तडा असू शकतो. आणि नदीतून वाळू काढणारा ट्रॅक्टर असेल तर त्याच्या हबमध्ये पाणी आणि वाळू दोन्ही सापडेल. तसल्या ट्रॅक्टरवर महसूल खात्याचा दंड बाकी नाही ना, तेही तहसीलमध्ये विचारून घ्या.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. विकायच्या आधी रंगवलेल्या ट्रॅक्टरपेक्षा गंजका ट्रॅक्टर बरा. गंजक्यावर ऑइल कुठून गळतंय ते तरी दिसतं. रंगवलेला असेल तर ग्रीसचे निपल बघा. निपलच्या तोंडावरच रंग बसलाय, म्हणजे रंग दिल्यापासून तिथं ग्रीसचा पंप लागलेला नाही. रबरी पायपांवर, वायरींवर रंगाचे शिंतोडे असतील तर काम घाईचं आहे. बाहेर घाई केलेल्यानं आत निवांत काम केलं असेल, असं मला वाटत नाही.

कोणता घ्यावा, यावर पारावर तासन्‌तास वाद होतात. माझं उत्तर सोपं आहे. तुम्ही ज्या मिस्त्रीकडे जाणार त्याचा हात ज्या ट्रॅक्टरवर बसलाय आणि ज्याचे पार्ट तालुक्याच्या गावी त्याच दिवशी मिळतात, तो घ्यावा. महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत 1963 मध्ये मुंबईत बी-275 काढायला सुरुवात केली. तेव्हापासून महिंद्राचे पार्ट आणि महिंद्रा उघडता येणारे हात आपल्याकडे गावोगाव आहेत. मॅसी 1035 चं तीन सिलिंडरचं सिम्पसन इंजिन डोळे झाकून बांधणारे मिस्त्री भेटतात. स्वराज पंजाबचा खरा, 1974 साली सुरू झालेला, पण त्याच्या इंजिनांची कंपनी 1985 मध्ये उभी राहिली ती पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला सोबत घेऊन. आयशरचा ट्रॅक्टर धंदा 2005 मध्ये टॅफेकडे गेला, तरी नाव आणि पार्ट दोन्ही टिकून आहेत. एचएमटीचा मात्र विचार करून घ्या. पिंजोरला 1971 पासून झेटरच्या धर्तीवर बनलेली ही यंत्रं दणकट होती, डिझेलही बेतानं प्यायची, पण सरकारनं 2016 मध्ये तो कारखाना बंद करायचा निर्णय घेतला. दोन सिलिंडरचा 2511 कोणी स्वस्तात देत असेल तर स्वस्त का, हे लक्षात ठेवा.

ताकदही कामाप्रमाणे. मोगडा, पेरणी, फवारणी, एक ट्रॉली एवढ्याला 30–35 एचपी पुरतो. काळ्या रानात पलटी नांगर चालवायचा, मोठा रोटावेटर लावायचा, तर 45 च्या पुढं जा. रोटावेटर घेणार असाल तर ट्रॅक्टरला डबल क्लच आहे का ते आधी विचारा. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांना एकच क्लच असतो. चाक थांबवायला पेडल दाबलं की पीटीओही थांबतो, आणि प्रत्येक वळणावर वैताग येतो. तुमचं रान पाच-सहा एकरच असेल आणि भाड्यानं बाहेर जायची तयारी नसेल, तर खरं सांगू का, तासावर भाड्यानं ट्रॅक्टर लावून घेणंच परवडतं. विमा, बॅटरी, टायर हे वापर कमी म्हणून थांबत नाहीत.

आता गार इंजिनाकडे येऊ. चालू करायच्या आधी रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्यावर तेलाची साय दिसली तर हेड गॅस्केट तरी गेलंय किंवा हेडला तडा आहे. ऑइलची पट्टी काढा. ऑइल काळं असणं हा गुन्हा नाही, डिझेल इंजिनाचं ऑइल काळंच होतं. दुधाच्या चहासारखं झालं असेल तर त्यात पाणी उतरलंय. दोन बोटांत चोळून बघा. मधासारखं ताणलं जात असेल, तर आवाज आणि धूर दाबायला इंजिनात गिअरचं जाड ऑइल ओतलंय. ही युक्ती जुनी आहे आणि अजून चालते.

मग सेल्फ मारा. हिवाळ्यात एक-दोन प्रयत्न जादा लागले तर ठीक, ढकलून किंवा उतारावर सोडून चालू करायला निघाले तर बॅटरीचं निमित्त ऐकून घेऊ नका. सोबत चांगली बॅटरी न्या आणि जोडून बघा. पहिल्या धुराकडं लक्ष द्या. सुरुवातीचा पांढरा धूर इंजिन तापल्यावर गेला पाहिजे. जोर दिल्यावर काळा धूर येत असेल तर नोझल, पंप किंवा तुंबलेला एअर क्लीनर. हा खर्च सोसवतो. निळसर धूर सतत येतोय आणि डोळ्याला झोंबतोय, म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, तिथं बोअरचं काम आलं. नंतर इंजिन हळू चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढून त्याच तोंडावर नुसतं उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल. उडून पडलं आणि तिथून चुलीसारखा धूर भकाभका यायला लागला, तर रिंगा आणि लायनर संपलेत. या एका चाचणीला पैसे लागत नाहीत, पान्हाही लागत नाही.

त्यानंतर रानात चला. मालक कुरकुरेल, पण मोगडा किंवा नांगर लावून निदान अर्धा-पाऊण तास ओढल्याशिवाय सौद्याचं बोलूच नका. ऑइल प्रेशरचा काटा गार असताना कुठं होता ते लक्षात ठेवा, तापल्यावर हळू चालीत तो तळाला जात असेल तर बेअरिंगं झिजलीत. काटाच बंद असेल तर तो मुद्दाम बंद असू शकतो. प्रत्येक गिअरमध्ये ओढा, मग उतारावर ॲक्सिलेटर सोडा. गिअर आपोआप सुटून न्यूट्रल होत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागणार. क्लच सोडला, इंजिनाचा आवाज वाढला आणि ट्रॅक्टर जागचा हलेना, तर प्लेट घसरतेय. क्लच प्लेट स्वतः फार महाग नाही, पण ती बदलायला ट्रॅक्टर मधोमध फोडावा लागतो, त्यामुळे मजुरी प्लेटच्या बरोबरीनं जाते.

हायड्रॉलिकची परीक्षा सगळ्यात निवांत. मोगडा वर उचला, इंजिन बंद करा आणि चहा प्या. पंधरा मिनिटांनी फाळ टाचभर खाली आले तर हरकत नाही, जमिनीला टेकले तर लिफ्टच्या सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व गेलाय. उचलताना ट्रॅक्टर नमस्कार केल्यासारखा धक्के देत असेल तर पंप कमजोर. शेवटी पुढची चाकं एकेक करून जॅकवर घ्या आणि हातानं हलवा; किंगपिन, बुश, हब बेअरिंग काय ते तिथंच कळतं. मागच्या ब्रेक ड्रमजवळ ऑइल ओघळलंय का बघा. आणि मग टायर. बाजूच्या भिंतीवर चिरा, रबर चढवून घेतलेलं, आतून ठिगळ. मागची जोडी नवी घ्यायची वेळ आली तर तो एकाच खेपेतला सगळ्यात मोठा खर्च असतो, तेव्हा टायर खराब असतील तर तेवढी रक्कम सौद्यातून सरळ वजा करून मागा.

सौदा किती रुपयांत, हे मी सांगू शकत नाही, भाग आणि हंगाम बदलला की भाव बदलतो. पण खिशातल्या पैशाचा सौदा करू नका. जेवढे जमलेत त्यातला तिसरा हिस्सा घरी ठेवून निघा. ट्रॅक्टर दारात आल्यावर तो हिस्सा लागणारच आहे.

इसार द्यायच्या आधी कागद. आरसी बुकातला इंजिन नंबर आणि चेसिस नंबर ट्रॅक्टरवरच्या आकड्यांशी स्वतः ताडून बघा. आकडे घासलेले किंवा नव्यानं ठोकलेले वाटले तर पाय मागं घ्या. गाडी नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला की फायनान्सचा बोजा आहे का, विमा आणि नोंदणीची मुदत कधी संपते, हे दिसतं. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. ट्रॅक्टर परराज्यातला असेल तर तिकडच्या आरटीओची फॉर्म 28 ची एनओसी हवी. ती 'नंतर पाठवतो' म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला आपण पैसेही नंतरच पाठवावेत. नोंदणी 15 वर्षांची असते, पुढं दर 5 वर्षांनी नूतनीकरण. मुदत उलटून गेलेला ट्रॅक्टर स्वस्त मिळतो, पण ते नूतनीकरण तुमच्या गळ्यात येतं. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, ट्रॅक्टरच्या कागदात ती येते असं समजू नका. कायद्यानं विकणाऱ्यानं 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आपल्याकडे स्टँपपेपरवर सही करून वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावावरचा ट्रॅक्टर चालवतात. अपघात झाला की मग विमा कंपनी आधी तो स्टँपपेपर बाजूला सारते. फायनान्स कंपनीनं ओढून आणलेल्या ट्रॅक्टरचा लिलाव 'आहे त्या स्थितीत' असतो, तिथं नांगर लावून बघता येत नाही. मिस्त्री सोबत नसेल तर लिलावाला जाऊच नका.

ट्रॅक्टर घरी आला. लगेच धुवायला नेऊ नका. दोन दिवस अंगणात खाली जुने पुठ्ठे अंथरून उभा करा, कुठून काय गळतं ते पुठ्ठ्यावर उमटतं. मग रॉकेल किंवा डिझेल लावून ब्रशनं चिखल-ग्रीस काढा आणि नंतर पाण्यानं धुवा; पाण्याचा जोराचा फवारा सेल्फ, अल्टरनेटर आणि पंपावर मारू नका.

बरेच दिवस उभा असलेला ट्रॅक्टर असेल तर चालू करायची घाई करू नका. एअर क्लीनर उघडा. माझ्या दुसऱ्या ट्रॅक्टरच्या क्लीनरमधून उंदराचं घरटं निघालं होतं, त्यात भुईमुगाच्या टरफलांसकट अख्खा संसार. ऑइल बाथवाला क्लीनर असेल तर तळाचा चिखल काढून खुणेपर्यंतच ताजं ऑइल भरा, जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. डिझेलची टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, दोन्ही फिल्टर बदला आणि पंपाची हवा काढा. हवा काढायची म्हणजे फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हाताच्या पंपानं डिझेल चढवायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार आली की स्क्रू आवळायचा. यात गडबड केली तर ट्रॅक्टर दोन मिनिटं चालून बंद पडतो आणि आपण उगाच नोझलवर संशय घेत बसतो.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये पावसाळ्याचं पाणी हमखास असतं. गिअर दांडीचं रबर फाटलं की ते तिथून उतरतं. ट्रॅक्टर रात्रभर हलवू नका. सकाळी खालचा प्लग काढू नका, नुसता सैल करा. पाणी जड, म्हणून आधी ते येतं. एकदा आमच्याकडे जवळजवळ कळशीभर पाणी आलं आणि मग राखाडी ऑइलाची धार लागली. मॅसीसारख्या ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकलाही हेच ऑइल असतं. लिफ्ट नीट चालेना म्हणून पंप बदलायला निघालेल्यांनी आधी हा प्लग सैल करून बघावा.

पहिल्यांदा चालू करताना दोन गोष्टी करा. बंद करायची दोरी खरंच पंपापर्यंत काम करते का, ते आधी हातानं ओढून बघा. आणि एका माणसाला जाड लाकडी फळी देऊन एअर क्लीनरच्या तोंडाशी उभा करा. पंप अडकून इंजिन सुसाट सुटलं तर फळीनं हवा बंद करायची, हातानं कधीही नाही. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली असेल तर शेडमध्ये गिअर टाकून सेल्फ मारायचा वेडेपणा करू नका, ट्रॅक्टर भिंत फोडून बाहेर निघतो. पेडल दाबून खुंटी लावा, रात्रभर तसंच ठेवा. बहुतेक वेळा सकाळी सुटलेली असते. नाहीच सुटली तर मिस्त्रीला बोलवा.

पहिल्या हंगामात पैसे कुठं घालायचे, याचा माझा क्रम असा: ब्रेक आणि स्टिअरिंग, मग गळती आणि रेडिएटर, मग बॅटरी-वायरिंग, मग हायड्रॉलिक. इंजिन चालतंय, धूर बेताचा आहे, तर ते उघडू नका. रंग तर दुसऱ्या वर्षी. बोअरचं काम करून घेतलंच असेल तर पहिले 50 तास हलकं काम द्या, पेरणी, फवारणी, रिकामी ट्रॉली. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदला, मिस्त्रीकडून हेडचे बोल्ट आणि टॅपेट तपासून घ्या. पुढं ऑइल सुमारे 250 तासांनी. तासांचा मीटर नवा बसवा. तो नसेल तर 250 तास कधी झाले हे तुम्हाला कळणार नाही आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तुम्हीही 'फार चालला नाही' असंच सांगाल.

जुन्या ट्रॅक्टरांना उलटला तर ड्रायव्हरला वाचवणारी चौकट नसते. मागचं ओझं कधीही टॉपलिंकला किंवा उंचावर बांधून ओढू नका, खालच्या हुकालाच बांधा. पुढची चाकं उचलली की ट्रॅक्टर मागं पालथा व्हायला दोन सेकंदही लागत नाहीत. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडलं कुलपीनं जोडलेली ठेवा. पीटीओवर पत्र्याचं आवरण नसेल तर मळणीच्या आधी बसवून घ्या. फिरत्या दांड्याजवळ उपरणं, ओढणी, पदर काहीही नको.

आणि गावात बातमी पसरली की मागायला माणसं येतील, भाऊबंद तर पहिल्याच दिवशी. पहिला हंगाम निघेपर्यंत ट्रॅक्टर कोणालाही उसना देऊ नका. रोटावेटर मारून देतो म्हणा, पण स्टिअरिंगवर स्वतः बसा.